गैबीशाहची विहीर आणि उंटिणीची पाळी

गेल्या वर्षी एप्रिलअखेर आमच्या स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. लालसर डोंगरांच्या मधोमध, वाळूवर मांडी घालून, डोळे मिटून बसलेली माणसे. मागे मंद संगीत. निवेदक सांगत होता की या जागेत ‘एनर्जी’ आहे, इथे बसले की ती अंगात उतरते. डोंगर ओळखीचे वाटले. सौदी अरबमधल्या अल-उलाजवळचे होते ते. माझा धाकटा भाऊ त्या देशात नोकरी करतो. त्याने तिथले फोटो मला आधीच पाठवले होते.

सहकारी म्हणाले, “सर, तिकडे वाळवंट, इकडे आपले जंगल. मार्कंडा आहे, महाकाली आहे, तुमचे दर्गे आहेत. खरेच काही असते का हो अशा जागांत?”

मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. कारण हाच प्रश्न आमच्या घरात दोन वर्षांपासून भांडणाचा विषय झाला होता. अम्मीच्या इंतकालनंतर तिने सुरू केलेली एक गोष्ट चालू ठेवायची की बंद करायची, यावर आम्हा दोघा भावांचे पटत नव्हते. त्या गोष्टीकडे येतोच. आधी थोडा इतिहास.

जंगल म्हणजे मूळचे वाळवंटच

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे शब्दांच्या मागे लागण्याची खोड आहे. उर्दू शायरीतला प्रेमात वेडा झालेला माणूस ‘सहरा’त जातो, ‘बियाबान’ात भटकतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना ‘सहरा’ समजावून सांगताना माझी पंचाईत होते. त्यांनी पाहिलेला निर्जन मुलूख म्हणजे साग, मोह आणि बांबूचे रान. गडचिरोली तर राज्यात सर्वाधिक जंगल असलेला जिल्हा. मग मी त्यांना ‘जंगल’ शब्दाचीच कथा सांगतो. संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कोरडी, कमी पाण्याची, विरळ झाडांची जमीन. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत भूमीचे तीन प्रकार सांगितले आहेत: आनूप म्हणजे पाणथळ, जांगल म्हणजे कोरडी आणि साधारण म्हणजे मधली. ज्या शब्दाने आज आपण घनदाट रान समजतो, तो मुळात वाळवंटाच्या जवळचा आहे.

दुसरा शब्द ‘बरकत’. अरबीत याच मूळ अक्षरांपासून ‘बिरका’ हा शब्द होतो. बिरका म्हणजे तळे, पाणी साठून राहते ती जागा. उंट गुडघे टेकून बसतो, त्या बसण्यालाही हेच मूळ. म्हणजे उंट जिथे थांबतो, पाणी जिथे थांबते, तिथे बरकत. ‘शरीअत’चा जुना अर्थही पाणवठ्याकडे नेणारी वाट असाच आहे. वाळवंटातल्या माणसांनी धर्माचे शब्द पाण्यावरून घेतले, यात नवल नाही.

व्हिडिओतला निवेदक ‘ऊर्जा’ म्हणत होता. आमच्या आजी-नानीकडे हा शब्द नव्हता. त्यांच्याकडे ‘बरकत’ होती. दोन्हींत मोठा फरक आहे. ऊर्जा तुम्ही जाऊन घेता आणि परत येता. बरकत तुमच्याकडून काही मागते.

हिज्रची विहीर

अल-उलाच्या उत्तरेला ‘अल-हिज्र’ आहे. तिलाच मदाइन सालेह म्हणतात. दगडात कोरलेल्या १११ भव्य कबरी तिथे आहेत, त्यांपैकी ९४ नक्षीदार. नबाती लोकांनी इसवी सनाच्या आगेमागे त्या कोरल्या. या लोकांचे खरे कसब कबरींपेक्षाही पाण्यात होते. खडकात विहिरी खोदून, पावसाचा थेंब न् थेंब साठवून त्यांनी वाळवंटात शेती केली, व्यापारी तांडे पोसले. २००८ मध्ये ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. या यादीत आलेले हे सौदी अरबचे पहिले स्थळ. २०१९ मध्ये त्या देशाने परदेशी पर्यटकांसाठी व्हिसा खुला केला आणि हे डोंगर जगभरच्या मोबाइलवर पोहोचले.

मुस्लिम परंपरेत मात्र ही जागा समूद नावाच्या कौमची. हजरत सालेह पैगंबरांची ही कौम. कुरआनमध्ये तिची कथा अनेकदा येते. सूरह शुअरामध्ये सांगितले आहे की सालेह यांनी लोकांसमोर एक उंटीण आणली आणि अट घातली: एक दिवस पाणी पिण्याची पाळी तिची, एक ठरलेला दिवस तुमचा. लोकांना ही वाटणी सोसली नाही. त्यांनी उंटिणीला मारले आणि कौम नष्ट झाली.

मी ही कथा लहानपणापासून ऐकत आलो. पण तिच्यातला गुन्हा नेमका कोणता, हे फार उशिरा लक्षात आले. एका मुक्या जनावराची पाण्याची पाळी नाकारणे, हा तो गुन्हा. इतिहासातल्या एका बस्तीचा निकाल पाणवठ्यावर लागला.

पुढे हिजरी ९ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३० मध्ये, पैगंबर हजरत मुहम्मद (स.) तबूकच्या मोहिमेवर जाताना याच वाटेने गेले. सहाबांनी तिथल्या विहिरींचे पाणी काढले, त्यात पीठही मळले. पैगंबरांनी ते पाणी ओतून टाकायला सांगितले, मळलेली कणीक उंटांना घालायला सांगितली आणि फक्त त्या विहिरीचे पाणी घ्या म्हटले, जिच्यावर सालेहांची उंटीण पाणी प्यायला येत असे. त्या जागेतून जाताना रडत जा, असेही सांगितले. ही हदीस बुखारीत आहे.

एकाच मैदानातल्या विहिरी, पण एकीचे पाणी घ्यायचे आणि बाकीच्यांचे टाकायचे. जमिनीत शक्ती असती तर सगळ्याच विहिरींत असती. फरक जमिनीचा नव्हता. कोणत्या विहिरीवर दुसऱ्याला पाळी मिळाली होती, याचा होता.

कोरड्या नदीत सापडलेले पाणी

आता आपल्या मुलखात येऊ. चंद्रपूर शहर कसे वसले, याची दंतकथा जुन्या चंद्रपूरकरांना पाठ आहे. मेजर ल्युसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८६९ च्या आपल्या महसुली अहवालात गोंड राजांची हकीकत नोंदवली, त्यातही ती येते.

पंधराव्या शतकात बल्लारपूरला गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाची राजधानी होती. राजाच्या अंगावर फोड-गाठी होत्या, म्हणून तो ‘खांडक्या’. एकदा शिकारीला निघाला असताना त्याला तहान लागली. झरपट नदीचे पात्र कोरडे पडले होते. पाण्याच्या शोधात तो पात्रातून वर जात राहिला. एका खड्ड्यातून पाणी झिरपताना दिसले. राजाने ते प्यायले, हातपाय-तोंड धुतले. त्या रात्री कित्येक वर्षांनी त्याला शांत झोप लागली. सकाळी राणीने पाहिले तर गाठी ओसरलेल्या. दोघे त्या जागी परत गेले. गवत-वाळू बाजूला केली तेव्हा खडकात गाईच्या पावलांचे पाच ठसे दिसले, पाण्याने भरलेले, कितीही उपसले तरी न आटणारे. तिथेच अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. पुढे ससा कुत्र्याच्या मागे लागल्याचे अद्भुत दिसले आणि राणीच्या सल्ल्याने त्या मार्गावर परकोट बांधायचे ठरले. ते आजचे चंद्रपूर.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण ससा-कुत्र्याची नवलाई बाजूला ठेवली तर तिच्या पोटात एक गोष्ट शिल्लक राहते: कोरड्या पात्रात न आटणारा झरा सापडला आणि राजधानी तिकडे सरकली. राजाने ते पाणी स्वतःच्या वाड्यात कोंडले नाही. भोवती शहर वसवले. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर, असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या असलेला, सुमारे ११ किलोमीटरचा परकोट पुढच्या पिढ्यांनी पुरा केला. एका दरवाजाचे नाव देवावरून, दुसऱ्याचे पठाणांवरून. आजही चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, तेलंगणातून भाविक येतात ते झरपटच्याच काठी उतरतात.

तुरुंगातला दर्गा

गोंड राजे गेले. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकला, १८५४ मध्ये सगळे राज्यच खालसा झाले. राजांची जुनी वास्तू इंग्रजी अमलात तुरुंग झाली. याच तुरुंगापाशी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी वीर बाबूराव शेडमाके यांना फाशी दिले गेले. ते अवघे २५ वर्षांचे होते. तिथल्या पिंपळाखाली दरवर्षी आदिवासी समाज त्यांना मानवंदना द्यायला जमतो.

त्याच तुरुंगाच्या आवारात हजरत गैबीशाह वलींचा दर्गा आहे. एरवी तिथे कोणाला जाता येत नाही. मोहरमचे दोन दिवस मात्र कारागृहाचे दार सर्वांसाठी उघडते. लांब रांग लागते. रांगेत टोपीवाले असतात, कुंकू लावलेल्या बाया असतात, बौद्ध आणि आदिवासी कुटुंबे असतात. दर्ग्याजवळच्या विहिरीचे पाणी लोक बाटलीत भरून नेतात.

‘गैब’ म्हणजे जे दिसत नाही ते. महाराष्ट्रात ‘गैबी’ नावाचे पीर अनेक ठिकाणी आहेत. त्यांचे चरित्र शोधायला गेले तर हाती फार काही लागत नाही. नावातच ते लपलेले असतात. मला यात एक गोष्ट जाणवते. ज्याच्या घराण्याचा, जातीचा, मुलखाचा पत्ता नाही, त्याच्यावर कोणी एकट्याने हक्क सांगू शकत नाही.

आमच्या भागाला हे नवे नाही. नागपूरचे ताजुद्दीन बाबा १८९२ ते १९०८ ही वर्षे तिथल्या पागलखान्यात होते. लोक त्यांना भेटायला तिथेच जात. पुढे राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यावर नेले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबा गेले, तेव्हा शहराच्या सगळ्या जमाती जनाज्यात होत्या. तुरुंग आणि पागलखाना या दोन्ही जागा लोकांना आत कोंडण्यासाठी बांधलेल्या. लोकांनी त्यांचीच दारे उघडायला लावली.

अम्मीची बाटली

१९८७ च्या पावसाळ्यात मी दुसरीत होतो. मला कावीळ झाली. कावीळ बहुतेकदा घाण पाण्यातून येते, हे आज मी मुलांना शिकवतो. तेव्हा घरात ते कोणाला ठाऊक नव्हते. डॉक्टरांची औषधे चालू होती आणि मोहरम आला. अम्मी मला कडेवर घेऊन तुरुंगाच्या रांगेत उभी राहिली. सात वर्षांचा मुलगा कडेवर, एका हातात औषधाची रिकामी काचेची बाटली.

विहिरीपाशी गर्दी होती. पाणी काढायला पुढे एक बाई होत्या. नऊवारी लुगडे, कपाळावर मोठे कुंकू. त्यांनी माझे पिवळे डोळे पाहिले आणि मागच्यांना म्हणाल्या, “थांबा जी, आधी लेकराच्या माईला घेऊ द्या.” आपली बादली त्यांनी अम्मीच्या बाटलीत ओतली. त्या कोण, कुठल्या, आम्हाला कधी कळले नाही.

मी बरा झालो. डॉक्टरांमुळे झालो, असे मी मानतो. अम्मी म्हणे, “दवा डॉक्टर की, दुआ सबकी.” पण तिने त्या बाईंचे देणे मानले. पुढच्या मोहरमपासून ती दरवर्षी त्या रांगेच्या बाजूला सबील लावू लागली. आधी एक माठ आणि दोन पेले, मग शरबताचे पातेले. पस्तीसहून अधिक वर्षे.

सबील म्हणजे काय, हे इतर वाचकांसाठी सांगतो. हिजरी ६१ मध्ये, १० ऑक्टोबर ६८० रोजी, करबलाच्या वाळवंटात पैगंबरांचे नातू इमाम हुसैन आणि त्यांचे साथी शहीद झाले. त्याआधी तीन दिवस त्यांचे पाणी तोडले होते. फुरात नदी समोर वाहत होती आणि लेकरे तहानेने कोरडी पडली होती. त्या तहानेची आठवण म्हणून मोहरममध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी किंवा शरबत पाजतात. तहानलेल्याला त्याचे नाव विचारत नाहीत. समूदने उंटिणीची पाळी नाकारली, यजीदच्या फौजेने लेकरांची. दोन्ही वाळवंटे आज जगाला ठाऊक आहेत, ती पाण्यामुळेच.

भावाचे म्हणणे

अम्मी गेल्यावर भाऊ फोनवर म्हणाला, “भाईजान, पानी तो पानी है. दर्ग्यातल्या विहिरीत काही नसते. हे बंद करा.” त्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. त्याला आधार आहे. हुदैबियाला ज्या झाडाखाली पैगंबरांनी सहाबांची शपथ घेतली, त्या झाडाकडे लोक बरकतसाठी जाऊ लागले तेव्हा हजरत उमर यांनी ते तोडायला लावले, अशी रिवायत आहे. काबाच्या काळ्या दगडासमोर उभे राहून याच उमर यांनी म्हटले होते की तू दगड आहेस, तुझ्याने ना नफा ना नुकसान. पैगंबरांना तुझे चुंबन घेताना पाहिले म्हणून मीही घेतो.

मी भावाला म्हटले, उमर यांनी झाड तोडले, पण दगडाचे चुंबनही घेतले. वस्तूत शक्ती मानायची नाही, तरी आपल्या आधीच्यांनी जिथे प्रेम ठेवले तिथे अदब ठेवायची. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने शिकवल्या.

शक्ती दगडात शोधली की काय होते, याची एक गोष्ट आमच्या शेजारीच आहे. चिमूरकडून वर्धा जिल्ह्यात शिरले की गिरडची टेकडी लागते. पंजाबातल्या पाकपट्टणला दफन असलेल्या बाबा शेख फरीद यांनी इथे तपश्चर्या केली, असे लोक मानतात. टेकडीवर सुपारी-नारळासारखे दिसणारे गोल दगड सापडतात. दोन व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली म्हणून त्यांचा माल दगड झाला, त्यांनी माफी मागितल्यावर बाबांनी वाळक्या पानांतून नवा माल करून दिला आणि मग ते तिथेच सेवेला राहिले, ही कथा इंग्रजी गॅझेटियरातही आहे. भूगर्भशास्त्र सांगते की लाव्हाच्या खडकातल्या पोकळ्यांत झिओलाइट खनिज साचून असे गोळे होतात. मला दोन्ही हवे आहे. वर्गात मी झिओलाइट शिकवीन. पण गर्वाने माल दगड होतो आणि माफीने पाचोळ्याचाही माल होतो, ही गोष्ट मुलांना सांगितल्याशिवाय राहणार नाही. लोक मात्र दगड खिशात घालून नेतात आणि गोष्ट तिथेच टाकून येतात.

गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. माडिया गोंडांच्या ठाकुरदेवाचे ते ठाणे. जानेवारीत तिथे यात्रा भरते. माडिया समाजात नवे पीक, नवे फळ देवाला दिल्याशिवाय खात नाहीत. त्यासाठी ‘पंडुम’ साजरा करतात. म्हणजे तिथेही पावित्र्य म्हणजे स्वतःला घातलेली मर्यादा. आधी त्याची पाळी, मग आपली. त्या डोंगरात उत्तम लोहखनिज आहे. २००७ मध्ये तिथे खाणीचा पट्टा दिला गेला. ग्रामसभांचा विरोध झाला, हिंसाही झाली, आणि आज तिथून खनिज जाते आहे. रोजगार आला, हेही खरे. पण डोंगराकडे फक्त साठा म्हणून पाहणारा आणि वाळवंटात ‘एनर्जी’ घ्यायला जाणारा, यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. दोघांनाही जागेकडून फक्त घ्यायचे आहे.

झरपट आज

ज्या झरपटच्या झऱ्याने राजाला बरे केले, ती आज जलपर्णीने आणि सांडपाण्याने भरली आहे. यात्रेला आलेल्या बाया त्याच काठी उतरतात, तेव्हा शहराची लाज वाटते. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी परकोटाची सफाई हाती घेतली, तेव्हा काट्यांत बुडालेले बुरूज पुन्हा दिसू लागले. हेही इबादतीचेच काम आहे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. नदीची पाळी अजून यायची आहे.

सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला एवढेच सुचते. जागेत काही असते का, ठाऊक नाही. पण जागेवर माणसे एकमेकांशी कशी वागली, ते जागेत उरते. म्हणून हिज्रच्या एकाच विहिरीचे पाणी घ्यायचे होते.

गेल्या मोहरमला भाऊ सुट्टीवर आला होता. पाऊस उघडला होता, रांग जटपुरा रस्त्याच्या बाजूने सरकत होती. मी मोबाइल त्याच्याकडे देऊन आत गेलो, फातेहा पढलो. तो आत आला नाही. मी त्याला ये म्हटलेही नाही.

बाहेर आलो तर त्याने अम्मीच्या जागी टेबल मांडले होते. शरबत नव्हते, अगरबत्ती नव्हती. साध्या पाण्याच्या वीस लिटरच्या चार कॅन आणि पेल्यांची चळत. एक म्हातारी बाई पाणी पीत होती. मागच्या माणसाने घाई केली तेव्हा भाऊ म्हणाला, “रुका भाऊ, आधी मावशीला पिऊ द्या.”

१९८७ मध्ये तो जन्मलाही नव्हता.